रोज एक मिलिमीटर

वीज कडाडते, टेबलावरच्या देहाची बोटं हलतात आणि पांढऱ्या कोटातली ती धावत जाऊन त्याच्या छातीवर डोकं टेकते. भयप्रेमकथेतला हा प्रसंग घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की त्यात ना भय उरलंय ना प्रेम. लिहिणारा वादळाकडे बघतो, काचेच्या नळ्यांकडे बघतो, तिच्या मोकळ्या केसांकडे तर फारच बघतो. टेबलावरच्या देहाकडे मात्र कुणाचं धड लक्ष नसतं, आणि गोष्ट तिथे पडलेली असते.

मेलेल्याला उठवणारी आणि मग त्याच्यावरच जीव लावणारी शास्त्रज्ञ बाई रंगवायची, तर आधी तिचं काम रंगवता आलं पाहिजे. तिच्या हाताशी किती वेळ आहे, कुठला टाका कुठे पडतो, कुठलं औषध किती वाजता द्यायचं आणि ते चुकलं तर काय होतं. एवढं पक्कं झालं की प्रेमाची वेगळी पानं लिहावी लागत नाहीत. या कथेतलं प्रेम म्हणजे बव्हंशी शुश्रूषा असते, आणि अंगावर काटा येतो तोही त्या शुश्रूषेतूनच.

म्हणून पहिला प्रश्न असा की तो मेला कधी? ‘काल रात्री’ असं उत्तर असेल तर कथा गुंडाळून ठेवावी. रक्त फिरायचं थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, आणि नेहमीच्या तापमानाला चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. बाकीचं शरीर जरा सवडीने मरतं. रक्त खालच्या बाजूला उतरतं. उताणा पडलेला असेल तर पाठ जांभळी पडते, पण खांद्याची पाती आणि नितंब जिथे टेबलाला टेकलेले असतात तेवढी जागा पांढरीच राहते. सहा ते बारा तासांत हे डाग पक्के होतात, मग देह पालथा केला तरी हलत नाहीत. तेव्हा ‘संगमरवरासारखा गोरापान’ नायक हवा असेल तर त्याला कुशीवर वळवायचं नाही. ताठरपणा आधी पापण्या आणि जबड्यात येतो, मग मान, मग हात, मग पाय. स्नायूंना आखडायला जशी ऊर्जा लागते तशी सुटायलाही लागते. ती संपली की आखडलेले तंतू एकमेकांत अडकून बसतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं भराभर उरकतं. उजव्या ओटीपोटावर पहिला हिरवट डाग मे महिन्यात बारा ते अठरा तासांत दिसू शकतो, थंडीत त्याला एक-दोन दिवस लागतात. युरोपातल्या डिसेंबरचं वेळापत्रक उचलून रत्नागिरीच्या मे महिन्यात लावणारी भयकथा कुठल्याही शवागारातल्या नोकराला हसायला लावेल.

दुसरी हमखास चूक म्हणजे मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागातून देह पळवणं. तिथले देह फॉर्मॅलिन भरून ठेवलेले असतात. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी कायमचं जखडून टाकतं, म्हणून तर देह वर्षभर टिकतो आणि म्हणूनच तो पुन्हा हलणं अशक्य असतं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसंच हे. शिवाय त्या वासाने डोळ्यांना इतकी धार लागते की चुंबनाचा प्रसंग लिहायचं धैर्य कुणाला होऊ नये.

मग उरतो तो थंडीचा मार्ग, आणि तो खरोखर घडलेला आहे. १९९९ साली नॉर्वेत आन्ना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यात पडून बर्फाखाली अडकली. ऐंशी मिनिटं ती पाण्यात होती. त्यातली पहिली चाळीसेक मिनिटं हवेच्या एका पोकळीमुळे ती शुद्धीवर होती, नंतर हृदय थांबलं. ट्रोम्सोच्या रुग्णालयात पोचली तेव्हा शरीराचं तापमान होतं १३.७ अंश सेल्सियस. तिला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन रक्त बाहेर काढून, गरम करून, परत आत सोडलं आणि ती जगली. पुढे त्याच रुग्णालयात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करू लागली. सगळी मेख क्रमात आहे. ती आधी गार पडली आणि मग तिचं हृदय थांबलं, त्यामुळे मेंदूची प्राणवायूची भूक आधीच मंदावलेली होती. आधी हृदय थांबलेल्या माणसाला नंतर बर्फात घालून हे साधत नाही.

गरम करायचीही रीत असते. २८ अंशांच्या खाली हृदय इतकं चिडकं होतं की देह जरा धसमुसळेपणाने हलवला तरी त्याची लय तुटते आणि ते नुसतं थरथरत राहतं. हातपाय आधी गरम केले तर तिथलं थंडगार, आम्लाने भरलेलं रक्त हृदयाकडे धावतं. म्हणजे प्रियकराचे तळहात-तळपाय प्रेमाने चोळत बसणारी नायिका त्याला स्वतःच्या हाताने मारते. गरम व्हायला हवं ते आतलं रक्त. आणि त्याआधी बघायचं पोटॅशियम. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. लिटरमागे १२ मिलिमोलच्या वर आकडा गेला असेल तर डॉक्टर यंत्र लावायच्या भानगडीत पडत नाहीत. नायिकेच्या हातातल्या कागदावर हा एक आकडा ११.६ असा लिहिला, तर वादळाची दोन पानं वाचतात.

बोगेनहोल्मच्या हकिकतीतला एक तपशील फारसा कुणी उचलत नाही. दहाएक दिवसांनी ती शुद्धीवर आली तेव्हा मानेखाली काहीच हलत नव्हतं, आणि आपल्याला वाचवणाऱ्या सोबत्यांवर ती चिडली होती. जन्मभर असंच पडून राहायचं, या भीतीने. महिन्यांनी ती सावरली आणि राग गेला. पण उठवलेल्याच्या तोंडी पहिला शब्द आभाराचाच असेल असं धरून चालणाऱ्या लेखकांनी या रागाशेजारी थोडं थांबावं.

आता वीज. तिला पूर्ण वगळावं असं नाही, कारण या कथाप्रकाराचा जन्मच तिच्यातून झाला. १८०३ च्या जानेवारीत लंडनला जोव्हान्नी आल्दिनीने जॉर्ज फॉर्स्टर या फाशी गेलेल्या माणसावर प्रयोग केला. देह गोठवणाऱ्या थंडीत तासभर लटकलेला होता. आल्दिनीच्या बॅटरीच्या तीन कुंड्यांत प्रत्येकी चाळीस जस्ताच्या आणि तेवढ्याच तांब्याच्या पट्ट्या होत्या. एका जोडीला पाऊण ते एक व्होल्ट धरला तर सगळे मिळून शंभराच्या आसपास. जबडा थरथरला, डावा डोळा उघडला, पुढे मूठ वळली, पाय हलले. बघायला आलेला एक कर्मचारी भेदरून घरी गेला आणि वारला असं त्या काळच्या तुरुंगाच्या बखरीत म्हटलंय. खरंखोटं देव जाणे. १८१८ साली ग्लासगोत अँड्र्यू यूरने २७० जोड्यांची बॅटरी लावून मॅथ्यू क्लाइड्सडेल या फाशी गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर राग, भीती, हसू असं सगळं एकापाठोपाठ एक उमटवलं, तेव्हा काही प्रेक्षक उठून बाहेर गेले.

हे होतं कारण मेल्यावर काही तास स्नायूंमध्ये थोडी शिल्लक असते आणि विजेच्या टोचणीने ती खर्ची पडते. ती शिल्लक संपली की कितीही वीज ओता, काही हलत नाही. यूरने उमटवलेलं हसू कुणाचंच नव्हतं. विजेवर हसणारा प्रियकर ही कल्पना एका प्रसंगापुरती जबरदस्त आहे: ती तार लावते, तो हसतो, ती तार काढते. तेवढ्यात वाचकाला या बाईची सगळी कुंडली कळते. पण त्यापुढे वीज कामाची नाही. हृदयाला देतात तो शॉकही ते चालू करायला नसतो, वेडंवाकडं थरथरणारं हृदय क्षणभर पूर्ण थांबवायला असतो, म्हणजे त्याची लय त्याला स्वतःला सापडावी. पडद्यावर रेषा सपाट झाली असेल तिथे शॉक देतच नाहीत. छाती दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचे हात भरून येतात, बरगडी मोडल्याचा आवाज येतो. तिथे ती एकटी आहे आणि हात बदलायला दुसरं कुणी नाही. यापेक्षा जवळचा आणि यापेक्षा भीषण प्रसंग कुठलं वादळ देणार आहे?

अलीकडच्या विज्ञानाकडे वळलं तर येल विद्यापीठाचे डुकरांवरचे प्रयोग वाचावेत. २०१९ साली नेनाद सेस्तानच्या चमूने कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंतून, मृत्यूनंतर चार तासांनी, एक खास द्रव सहा तास फिरवला. पेशी प्राणवायू वापरू लागल्या, रक्तवाहिन्या औषधाला दाद देऊ लागल्या. जाणिवेची म्हणता येईल अशी एकसंध विद्युत हालचाल मात्र दिसली नाही. त्या द्रवात चेतापेशींची धडधड दाबून ठेवणारं औषध मुद्दाम घातलेलं होतं, आणि जाणिवेची शंका आलीच तर भूल देऊन मेंदू थंड करायची तयारी होती. २०२२ साली त्यांनीच हा प्रयोग अख्ख्या डुकरांवर केला, मृत्यूनंतर तासाभराने. तेव्हा चित्रणासाठी रंगद्रव्य टोचताना जनावरांची डोकी आणि माना झटक्याने हलल्या. सगळी खबरदारी घेतलेल्या लोकांच्या समोर ते घडलं. आपल्या नायिकेने काय करावं? जाणीव दाबणारं औषध द्रवात घालावं की गाळावं? घातलं तर तो तिच्याकडे कधीच बघणार नाही. गाळलं तर तो जागा होईल, पण नेमका कुठल्या वेदनेत जागा होईल हे तिच्या हातात नाही. कथेतला पहिला नैतिक निर्णय इथे, एका बाटलीच्या बुचापाशी पडतो, आणि तो तिने प्रेमापोटी घेतला असं तिलाच वाटत राहावं.

तुकड्यांचा माणूस जोडायचा असेल तर गोष्ट आणखी किचकट. मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतला व्हिक्टर आपण घडवत असलेला जीव आठ फूट उंच बनवतो, कारण बारीक भागांमुळे कामाचा वेग मंदावतो. लोकांना ही राक्षसी हौस वाटते, पण तो निव्वळ शिवणकामाचा हिशेब आहे. त्या काळी रक्तवाहिनी जोडायची विश्वासार्ह रीतच नव्हती. ती आलेक्सिस कारेलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली आणि १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. बारीक सुई आणि रेशमी धागा हाताळायला तो लियोंमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे शिकला होता. तीन टाके तीन कोपऱ्यांवर घालून गोल वाहिनीचा त्रिकोण करायचा आणि मग एकेक बाजू सरळ शिवत जायची. नाहीतर समोरची भिंत टाक्यात सापडते आणि वाहिनी बंद होते. आजही गाठ पडते ती इथेच. बोटातली वाहिनी मिलिमीटरभराची, धागा १०-० म्हणजे केसाहून बारीक, काम सूक्ष्मदर्शकाखाली. आतलं अस्तर जरा दुमडलं की तासाभरात गुठळी होते आणि बोट आधी निळं, मग काळं पडतं.

त्वचेवरचे जाड काळे टाके मात्र चित्रकारांचे चोचले आहेत. चेहऱ्यावरचे टाके पाचेक दिवसांत काढतात, हातापायांवरचे दहा ते चौदा. तसेच ठेवले तर प्रत्येक टाक्याचे दोन्ही बाजूंना ठिपके उमटून आगगाडीच्या रुळांसारखा वण राहतो. आपली नायिका कसबी असेल तर तिच्या माणसाच्या मनगटाच्या वर हाताभोवती फक्त एक बारीक, गुलाबी, किंचित उचललेली रेघ दिसायला हवी, आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे कातडीचा रंग थोडा वेगळा.

तो फरकही कायम राहतोच असं नाही. अपघातात दोन्ही हात गमावलेल्या पुण्याच्या एका तरुणीला २०१७ साली कोचीत एका तरुण मुलाचे हात बसवले, शस्त्रक्रिया तेरा तास चालली. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते सावळे, केसाळ, रुंद हात हळूहळू तिच्या रंगाचे आणि सडपातळ होत गेले. भयकथाकाराला यात भय दिसेल, प्रेमकथाकाराला प्रेम. दोन्ही एकाच वाक्यात लिहिता आलं तर आपण काहीतरी मिळवलं.

मात्र तो हात तिचा स्पर्श ओळखणार कधी? चेतातंतू शिवून जोडला म्हणजे दिव्याची तार जोडली असं नव्हे. टाक्यापलीकडचा तंतूचा गाभा मरून जातो, उरते रिकामी नळी. अलीकडच्या टोकातून नवा अंकुर त्या नळीत शिरतो आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो. मनगटाच्या वर, हाताच्या मध्यावर जोड असेल तर बोटाच्या टोकापर्यंत पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे २५० दिवस, सुरुवातीचे रेंगाळलेले काही आठवडे वेगळे. अंकुर कुठवर पोचला हे बघायला डॉक्टर तंतूच्या वाटेवर बोटाने टकटक करतात. टोकाशी आलं की रोग्याला झिणझिण्या येतात. नायिकेने दर रविवारी टकटक करावी आणि त्याच्या कातडीवर पेनाने खूण करावी. मनगट चैत्रात, तळवा आषाढात, बोटं दिवाळीच्या आसपास. कॅलेंडरवर प्रेम असं पुढे सरकतं. हालचाल मात्र स्पर्शाच्या आधी येते, कारण बोटं ओढणारे मोठे स्नायू कोपराखाली त्याचे स्वतःचे असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, जोडल्या की काही आठवड्यांत ते बोटं वाकवू लागतात. तेव्हा मधले कित्येक महिने तो तिचा हात धरू शकतो, पण आपण काय धरलंय हे त्याला डोळ्यांनी बघावं लागतं. अंधारात त्याने चहाचा कप धरला तर तो केव्हा निसटला हे फुटल्यावरच कळेल.

आणि मेंदूचं काय? प्राणवायू तुटल्यावर सगळ्यात आधी मरतात त्या पेशी दोन ठिकाणच्या: नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या, आणि हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कातल्या. म्हणजे मरणापूर्वी तिचं त्याच्यावर प्रेम असेल तर उठल्यावर ती त्याला कदाचित लहानपणच्या आठवणींसकट सगळं सांगताना ऐकेल, पण आज सकाळी आपण कुणाशी बोललो हे त्याला दुपारी आठवणार नाही. तिची ओळख रोज नव्याने करून द्यावी लागेल, आणि ती करून देताना काय सांगायचं, काय गाळायचं, हे रोज तिच्याच हातात. दुसरं नुकसान त्याहून वाईट दिसतं. १९६३ साली लान्स आणि ॲडम्स यांनी गुदमरून वाचलेल्या रोग्यांत एक विकार नोंदवला. माणूस निवांत पडलेला असला तर शांत. ठरवून हात पुढे केला की हाताला झटके बसतात, आणि जितकं नेमकं काम तितके झटके मोठे. क्लोनाझेपामने, व्हॅल्प्रोएटने थोडे कमी होतात. तिच्या गालाला हात लावायचा म्हणून त्याने तो उचलला की तो हात तिला थोबाडीत मारतो. मारायचं त्याच्या मनात नसतं. हे तिला माहीत असतं, तिने निदान स्वतः लिहिलेलं असतं, तरी दुसऱ्या वेळी तिचं अंग आपोआप मागे सरतं आणि ते त्याला दिसतं.

बोलण्याचंही असंच. उठल्या उठल्या ‘मी कुठे आहे?’ असं तो विचारू शकत नाही. श्वासाची नळी स्वरयंत्राच्या मधून गेलेली असते, आवाज निघायला जागाच नाही. आठवडा-दोन आठवड्यांत गळ्याला भोक पाडून तिथून छोटी नळी बसवतात. तिच्या भोवती हवेचा एक फुगा असतो, तो फुगलेला असेतो हवा वर स्वरयंत्राकडे जात नाही. बोलायचं तर दहा मिलिलिटरच्या सिरिंजने आधी फुग्यातली हवा काढायची, साचलेली लाळ ओढून घ्यायची, आणि मग नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं. तेव्हा श्वास वर चढतो आणि घोगरे दोन-तीन शब्द येतात. फुगा तसाच ठेवून बोट ठेवलं तर तो गुदमरतो. ही चूक खऱ्या वॉर्डांतही जीवघेणी ठरते. म्हणजे सुरुवातीचे सगळे संवाद तिच्या बोटाने चालतात. तिने बोट ठेवलं तर तो बोलेल, उचललं तर वाक्य अर्ध्यावर हवेत जाईल. त्याचं वाक्य ‘मला’ या शब्दापाशी आलं असताना तिचं बोट हलावं, आणि ते का हललं हे तिलाही नक्की कळू नये. तो तिला हाक काय मारणार हाही प्रश्नच आहे. ‘डॉक्टर’ म्हणाला तर तो रोगी झाला, आणि ‘आई’ म्हणाला तर बाईंनी दिवा मालवून घरी जावं.

या कथाप्रकाराला अगदी जवळची अशी एक खरी हकिकत आहे आणि ती मुळीच गोड नाही. फ्लोरिडातल्या की वेस्टमध्ये कार्ल टॅन्झलर नावाचा एक्स-रे तंत्रज्ञ क्षयाने आजारी असलेल्या एलेना होयोस या तरुणीच्या मागे होता. १९३१ साली ती बाविसाव्या वर्षी वारली. १९३३ साली त्याने तिचा देह थडग्यातून काढून घरी नेला. हाडं तारांनी बांधली, डोळ्यांच्या जागी काचेचे डोळे बसवले, कुजलेल्या त्वचेच्या जागी मेण आणि प्लास्टरमध्ये भिजवलेलं रेशमी कापड चढवलं, तिच्याच केसांचा टोप केला, पोकळीत चिंध्या भरल्या आणि वास मारायला अत्तरं आणि जंतुनाशकं ओतली. सात वर्षं. १९४० साली बहिणीला सुगावा लागला तेव्हा प्रकरण उघडकीला आलं. खटल्याची मुदत टळून गेली होती म्हणून तो सुटला. त्या काळात बऱ्याच लोकांना तो एक वेडा, थोर प्रेमी वाटला. एलेनाने जिवंतपणी त्याला होकार दिल्याचं कुठेही दिसत नाही. पुरुष आणि बाईची अदलाबदल केली म्हणून आपली नायिका आपोआप निर्दोष ठरत नाही, हे लेखिकांनीही ध्यानात ठेवावं. टॅन्झलरचीही शुश्रूषा सात वर्षं मनापासूनचीच होती.

आपल्याकडे याचं उत्तर फार जुनं आहे. महाभारताच्या आदिपर्वात संजीवनी शिकायला आलेल्या कचाला असुर तीनदा मारतात. तुकडे करून लांडग्यांना घालतात, वाटून समुद्रात कालवतात, जाळून राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजतात. तिन्ही वेळा देवयानी बापाकडे हट्ट धरते आणि कच उठतो, तिसऱ्यांदा तर गुरूचं पोट फाडून. मंत्र तिला येत नव्हता, पण प्रत्येक पुनर्जन्मामागे तिचाच हट्ट होता. शेवटी ती लग्नाचं विचारते आणि तो नाही म्हणतो: तू ज्या देहातून आलीस त्याच देहात मी राहिलो, आता तू बहीण. ती शापते, तुझी विद्या तुला फळणार नाही. तो उलट शाप देतो की कुणी ऋषिपुत्र तुझं पाणिग्रहण करणार नाही, आणि निघून जातो. ज्याला आपण उठवलं त्याच्याकडून होकार मागण्यातली अडचण इतक्या स्पष्टपणे मांडलेली दुसरी कथा शोधायला बराच वेळ लागेल. कचाजवळ एक सोय होती. तो पुन्हा उठला तो धडधाकट, स्वतःच्या पायांवर चालून जाण्याइतका. आपल्या नायकाजवळ ती नाही. त्याचे हात परक्यांचे, आणि त्या हातांना त्याच्या शरीराने झिडकारू नये म्हणून दर बारा तासांनी टॅक्रोलिमस, जोडीला मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. रक्तातली पातळी फार खाली गेली तर नकार सुरू, फार वर गेली तर मूत्रपिंडं जातात, हात कापतात, साखर चढते. ग्रेपफ्रूट वर्ज्य, त्याचं भावंड असलेलं पपनसही टाळायचं. ही औषधं फक्त तीच आणू शकते, मात्रा फक्त तीच ठरवू शकते. असा माणूस ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणाला तर त्याची किंमत काय धरायची?

म्हणून कथेला त्याच्या हातात नकाराचं साधन ठेवावं लागतं, आणि ते शरीरातूनच यावं. नवव्या महिन्यात त्याचं स्वतःचं बोट गळ्यावरच्या नळीचं तोंड चाचपून शोधू शकतं. झटके औषधाने कमी झालेले असतात, फुगा एव्हाना काढलेला असतो, बोटाच्या टोकाला नळीची कड कळते. तिच्या मदतीशिवाय त्याचं पहिलं पूर्ण वाक्य इथे येतं. ते वाक्य गोळ्या नकोत असं असू शकतं. १९९८ साली लियोंमध्ये जगातला पहिला यशस्वी मानला गेलेला परका हात बसवून घेतलेल्या क्लिंट हॅलमने गोळ्या सोडल्या आणि २००१ साली तो हात कापून घेतला, कारण तो आपला वाटेना.

गोळ्या सोडल्यावर घडतं ते टप्प्याटप्प्याने. आधी जोडाच्या रेघेपलीकडे लालसर पुरळ, मग सूज, मग त्वचा सोलवटायला लागते. रेघेच्या अलीकडे मात्र काही नाही. वेळेत धरलं तर उपाय आहे: शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन, रोज ५०० मिलिग्रॅम ते एक ग्रॅम, बहुधा तीन दिवस. नायिकेकडे कुपी आहे, सिरिंज आहे आणि झोपेचं औषधही आहे. इथवर आल्यावर लेखक हटकून प्रयोगशाळेला आग लावतात. लावू नये. पहिला डोस त्याने तापाच्या गुंगीत घेऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर असेल, गळ्याशी बोट नेऊन काय ते सांगेल, आणि पुढची पंधरा पानं तिथून सुरू करावीत.